आउटसाइड एजवर तोल : हॉकी स्केटिंगच्या सरावनोंदी

३ ऑक्टोबर

बर्फावरच्या हॉकीसाठी स्केटिंग शिकते आहे. पुढे जाणं, थांबणं, इनसाइड एजवरची, म्हणजे ब्लेडच्या अंगठ्याच्या बाजूच्या धारेवरची वळणं हे सगळं बऱ्यापैकी बसलं आहे. क्रॉसओव्हरही, म्हणजे वळताना बाहेरचा पाय आतल्या पायावरून ओलांडून टाकणं, दिसायला होतात. पण व्हिडिओ हळू करून पाहिला की लक्षात येतं, आतला पाय नुसता टेकलेला असतो, ढकलत काहीच नाही. त्याने ढकलायचं तर करंगळीच्या बाजूच्या धारेवर, म्हणजे आउटसाइड एजवर, अख्ख्या अंगाचं वजन पेलता आलं पाहिजे, आणि ते येत नाही. टाइट टर्नमध्येही, म्हणजे छोट्या घट्ट वळणातही, तेच. आतला पाय आउटसाइड एजवर बसत नाही, म्हणून वळण फाकतं आणि बाहेर पडेपर्यंत वेग संपलेला असतो.

काही आठवडे बाकी सगळं बाजूला ठेवून एवढंच करायचं ठरवलं आहे. मापासाठी फेसऑफचं वर्तुळ घेतलं, म्हणजे खेळ सुरू करताना चकती टाकतात तिथलं. त्रिज्या ४.५ मीटर, म्हणजे परीघ साधारण २८ मीटर. एका पायावर, मध्ये न ढकलता, आउटसाइड एजवर अर्धं वर्तुळ : १४ मीटर. दोन्ही पायांवर. बर्फात रंगवलेली रेघ असल्याने स्वतःची समजूत घालायला जागा राहत नाही.

६ ऑक्टोबर

पहिल्या प्रयत्नांत सगळेच करतात ते केलं : एका पायावर सरकायचं आणि घोटा बाहेर कलता करायचा. ब्लेड क्षणभर बाहेर वळतं, मग आपोआप सरळ होतं आणि लगेच इनसाइड एजवर येऊन उलट्या दिशेला निघतं. मोकळा पाय दर वेळी खाली टेकतो. तळपायाची कमान भरून येते. डावा पाय थोडा तरी ऐकतो, उजवा अजिबात नाही.

हॉकीचा बूट इतका कडक असतो की नुसता घोटा मुरडून फारसं काही हलत नाही. ही वाट बंद.

१० ऑक्टोबर

आज रिंकवर नवा थर टाकल्यावर सगळ्यांत आधी उतरले. ताज्या, ओरखडे नसलेल्या बर्फावर आपल्याच खुणा वाचता येतात आणि त्या फार बोलक्या असतात. ब्लेडच्या तळाला लांबीभर खोबण असते, तिच्या दोन्ही काठांना धार. ब्लेड सपाट असेल तर दोन समांतर बारीक रेघा उमटतात, एजवर असेल तर एकच.

डाव्या पायाची खूण : सुरुवातीला एक स्वच्छ रेघ, थोडं पुढे गेल्यावर तिच्या शेजारी दुसरी, मग बाहेरची पुसट होत जाते आणि वळण उलटं. उजव्या पायाची खूण : पहिल्यापासूनच दोन रेघा, आणि त्यांतली आतली जास्त खोल. म्हणजे मला उजवा पाय आउटसाइड एजवर आहे असं वाटत होतं तेव्हा तो तिथे गेलेलाच नव्हता. शिकणाऱ्याने एकदा तरी वाकून स्वतःच्या रेघा पाहाव्यात. पायाला जे जाणवतं आणि बर्फावर जे घडतं त्यांत फार अंतर असू शकतं.

१३ ऑक्टोबर

उजव्या पायाच्या रेघांवरून शंका आली म्हणून घरी ब्लेड तपासलं. स्केट उलटा धरायचा, ब्लेडच्या मधोमध एक नाणं आडवं ठेवायचं, दोन्ही धारांवर टेकेल असं, आणि टोकाच्या बाजूने डोळ्याच्या रेषेत धरून पाहायचं. नाणं ब्लेडच्या बाजूंशी काटकोनात हवं. डाव्या स्केटवर होतं. उजव्यावर ते बाहेरच्या बाजूला उतरलेलं दिसलं. टोकाकडे, मध्ये, टाचेकडे, तिन्ही जागी तसंच.

म्हणजे मागच्या खेपेला धार लावताना आतली धार उंच आणि बाहेरची खाली राहिली. अशा ब्लेडवर सरळ उभं राहिलं तरी वजन आतल्या धारेवर जातं, आणि बाहेरची धार बर्फाला लागायलाच पाय जास्त कलवावा लागतो. नवशिक्याला आधीच तेवढं कलता येत नाही.

परत धार लावून घेतली, दुसरीकडे. खोबणीची त्रिज्या आधीचीच ठेवायला सांगितली, १/२ इंच. ती कमी केली की खोबण खोल होते आणि धार जास्त चावते, ५/८ सारखी वाढवली की जास्त सरकतं पण पकड कमी. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, म्हणून तिला हात लावला नाही. धारेचे पैसे दोनदा गेले आणि आधीचा सगळा सराव त्या पायापुरता वाया गेला. यापुढे स्केट ताब्यात घेतानाच नाणं ठेवून बघणार आणि धारेवरून नख आडवं ओढून बघणार. नखाचा बारीक कीस निघाला तर धार आहे. काँक्रीटवर गार्ड (ब्लेडवर चढवायचं आवरण) न लावता चालल्याने पडलेली खाचही बोटाला तिथेच कळते.

१७ ऑक्टोबर

उजवा पाय सुधारला, पण थोडाच. रेघ आता एक उमटते, मात्र डाव्यापेक्षा लवकर तुटते. सगळा दोष ब्लेडचा नव्हता.

आज लेस बदलून पाहिली. वरची भोकं करकचून आवळायची सवय होती, तोल जाईल या भीतीने. त्यामुळे नडगी पुढे झुकत नव्हती, गुडघा वाकत नव्हता, आणि सरळ गुडघ्यावर एजवर टिकणं मला तरी शक्य झालं नाही. आता पायाच्या उंचवट्यावर घट्ट, टाच मागे पक्की बसलेली, आणि सगळ्यांत वरचं भोक मोकळं. गुडघा बुटाच्या टोकाच्या वर येऊ लागला. पहिली काही मिनिटं पाय बुटात सैल वाटतो, मग वाटत नाही.

२१ ऑक्टोबर

बर्फ मिळालं नाही. बदलायच्या खोलीतल्या रबरी चटईवर स्केट घालून, भिंतीला हात टेकून उभी राहिले. भिंतीकडच्या पायावर वजन, दुसरा पाय उचललेला. मग घोटा विसरून फक्त कंबर भिंतीकडे न्यायची. बूट आपोआप करंगळीच्या बाजूला कलतो, आणि नडगी, गुडघा, मांडी एका रेषेत राहतात. सायकल वळणावर अख्खी कलते, तसं. सगळ्या सरावात इथे पहिल्यांदा पायाला कळलं की कलायचं म्हणजे काय.

घरी अनवाणी एका पायावर उभं राहणंही चालू ठेवलं आहे. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. करत राहायचं.

२४ ऑक्टोबर

कोच सरांनी स्कूटर ड्रिल दिलं, आणि आतापर्यंतचं सगळ्यांत उपयोगी काम हेच आहे. फेसऑफच्या वर्तुळावर आतला पाय रेघेवर ठेवायचा आणि उचलायचाच नाही. बाहेरच्या पायाने ढकलत राहायचं. आतला पाय सतत आउटसाइड एजवर, बाहेरचा पाय इंजिन.

सुरुवातीला वर्तुळ होत होतं, पण फसवं. ढकलणारा पाय परत येताना लांबच टेकत होता, म्हणजे वजन दोन पायांच्या मध्ये होतं आणि आतल्या पायाला फक्त दिशा देण्याचं काम उरलं होतं. सर म्हणाले, "प्रत्येक धक्क्यानंतर टाचेला टाच लागू दे. लागली नाही तर तो धक्का धरायचा नाही." या एका अटीने ड्रिल दुप्पट अवघड झालं. टाचेला टाच लावायची तर तेवढा वेळ दुसऱ्या पायावर खरोखर उभं राहावंच लागतं.

डावीकडच्या वर्तुळात जमायला लागलं. मग दोन धक्क्यांमधलं अंतर वाढवायचं : ढकल, टाच लाव, धरून ठेव. धरून ठेवण्याचा काळ हाच खरा सराव, धक्के फक्त वेग परत आणण्यासाठी. उजवीकडच्या वर्तुळात टाच लावतानाच ब्लेड सपाट होतं.

बर्फ कापलं गेल्यावर हे ड्रिल करू नये. जुन्या खाचांत ब्लेड अडकतं आणि चूक पायाची की बर्फाची हे समजत नाही.

२९ ऑक्टोबर

जोरात पडले, डाव्या कुशीवर. हॉकीची पॅडवाली पँट होती म्हणून निभावलं. ती न घालता हा सराव कोणी करू नये, कोपराचे पॅड आणि हेल्मेट तर हवंच.

व्हिडिओत कारण स्पष्ट दिसतं. वळण घट्ट करण्यासाठी मी डावा खांदा वर्तुळाच्या आत टाकला. खांदा आत गेला की कमरेत घडी पडते आणि कंबर बाहेर निसटते. कंबर बाहेर गेली की बूट सरळ होतो, एज सुटते, आणि वरचं अंग मात्र आत झुकलेलंच असतं. मग खाली जाण्याशिवाय काही उरत नाही.

सरांनी स्टिक दोन्ही हातांत आडवी, छातीसमोर धरायला लावली. "आतलं टोक खाली गेलं की समज खांदा पडला. स्टिक जमिनीला समांतर ठेव आणि कंबर आत घे." स्टिककडे बघत बसायचं नाही, डोळ्यांच्या कडेने कळतं. हे लगेच लागू पडलं. चटईवर भिंतीशी केलेली हालचाल पहिल्यांदा बर्फावर आली.

या पडण्याने आणखी एक गोष्ट कळली. इनसाइड एजवर वळताना मोकळा पाय वर्तुळाच्या आतल्या बाजूला असतो. तोल आत गेला तर तो टेकवता येतो. आउटसाइड एजवर मोकळा पाय बाहेरच्या बाजूला असतो आणि पडण्याच्या बाजूला काहीच नसतं. अंग तिकडे झुकायला तयार होत नाही ते उगाच नाही. ही भीती खरी आहे, तिला दटावून उपयोग नाही, तिला उत्तर द्यावं लागतं. उत्तर सरांनी दिलं : तोल आत जाऊ लागला की मोकळा पाय पुढून ओलांडून आत टाकायचा. म्हणजे क्रॉसओव्हरच. आज शेवटची सगळी वेळ मुद्दाम जास्त झुकून पाय ओलांडून स्वतःला वाचवण्यात घालवली. सुटायची वाट पायात बसली की झुकणं वाढतं.

५ नोव्हेंबर

फिगर स्केटिंग करणारी एक ताई आमच्या आधीच्या वेळेत असते. तिने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "इतकं हळू जातेस, तर टेकणार कशावर?" तिचे एज इतके खोल असतात की तिचं ऐकावंसं वाटतं.

मग हिशोब करून पाहिला. वळणावर किती कलायचं हे वेग आणि त्रिज्या ठरवतात. या ४.५ मीटरच्या वर्तुळावर सेकंदाला २ मीटर वेगाने गेलं तर तोलासाठी लागणारा कल साधारण ५ अंश. ३ मीटरला साधारण साडेअकरा. ४ मीटरला २० अंश, आणि हा वेग म्हणजे ताशी १४ किलोमीटरच्या आसपास, हॉकीत काहीच नाही. हळू जात असताना मी बूट खूप कलवायचा प्रयत्न करत होते, आणि त्या वेगाला तेवढा कल पेलताच येत नाही. अंग बरोबर सांगत होतं की पडशील.

आज तीन-चार दमदार पावलं टाकून वर्तुळात शिरले. डाव्या पायावर पाव वर्तुळाच्या पुढे गेले, एकही हिसका न बसता. वेग कमी होताना कलही कमी करत यायला हवं, ते अजून जमत नाही. शेवटच्या भागात आत कोसळते किंवा घाईने पाय टेकवते.

९ नोव्हेंबर

आज सगळ्यांसाठी खुल्या वेळेत गेले. गर्दी, वर्तुळं वापरता येत नाहीत, सगळे एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट. बोर्डाच्या, म्हणजे रिंकभोवतीच्या कठड्याच्या, कडेने फिरता फिरता डोक्यात प्रकाश पडला. डावीकडे वळताना आतला पाय डावा. त्याला दर कोपऱ्यात आउटसाइड एजचा थोडा तरी सराव होतो, आणि उजव्याला फक्त इनसाइड एजचा. मी शिकायला सुरुवात केली ती अशाच खुल्या वेळांत. उजव्या पायाने आउटसाइड एजवर वजन कधी घेतलेलंच नाही. धार वाकडी होती हे खरं, पण तिच्याखाली हे होतं.

उजवा पाय कमजोर नाही, कोरा आहे. हे कळल्यावर त्याच्याकडे बघण्याची पद्धत बदलली. त्याला डाव्याइतकं लगेच यावं ही अपेक्षा सोडली. आता प्रत्येक वेळेची सुरुवात उजवीकडच्या वर्तुळाने, बर्फ ताजं आणि पाय ताजे असताना. डाव्याला उरलेला वेळ.

१६ नोव्हेंबर

स्कूटर ड्रिल उजवीकडे, टाचेला टाच लावून, जमलं. स्टिक आडवी. खांदा पडत नाही, पण उजव्या पायावर असताना मोकळा डावा पाय मागे लोंबकळतो आणि कंबर फिरवून टाकतो. वर्तुळ छोटं होत जाऊन मी जागीच गरकन फिरते. मोकळा पाय पुढे, सरकणाऱ्या पायाच्या घोट्याजवळ धरला तर फिरणं थांबतं. वजन ब्लेडच्या मध्यावर हवं. टोकाकडे गेलं की पुढच्या वक्र भागावर ब्लेड भिरभिरतं. फिगर स्केटसारखे दात हॉकीच्या ब्लेडला नसतात, टोकावर आधाराला काही नाही.

क्रॉस रोलही सुरू केले. रिंकच्या लांबीभर, एका पायाच्या आउटसाइड एजवरून दुसऱ्याच्या आउटसाइड एजवर, दर वेळी पाय पुढून ओलांडून. अडचण बदलाच्या क्षणी आहे. मागचा पाय टोकाने ढकलतो आणि घसरतो. ब्लेडच्या अख्ख्या बाहेरच्या धारेने, अंगाखालून, बाजूला ढकलायला हवं. क्रॉसओव्हरमध्ये नसलेला धक्का हाच. दहा-पंधरा मीटर नीट झाले की पोटऱ्या भरून येतात, मग तिथे थांबणं बरं. दमलेल्या पायाने केलेले रोल वाईट सवय लावतात.

२३ नोव्हेंबर

डावा पाय : अर्धं वर्तुळ, रेघेवर, शेवटपर्यंत. वेग उतरताना कंबर हळूहळू मध्यावर आणत सरळ उभं राहायला आलं. उजवा : पाव वर्तुळाच्या थोडं पुढे.

आवाजावरून पुष्कळ कळतं. एज धरलेली असेल तर ब्लेडचा आवाज बारीक, सलग, कापड फाडल्यासारखा येतो. घासत असेल तर खरखर, तुटक. आता न बघता ओळखता येतं, आणि त्यामुळे मान वर ठेवता येते. पूर्वी पायाकडे बघण्यासाठी मान खाली जायची, मानेबरोबर खांदा, खांद्यामागून बाकीचं सगळं.

मग उत्साहाने स्टिक बर्फावर टेकवून पक, म्हणजे खेळायची चकती, घेतला आणि सगळं गेलं. डोळे पकवर, मान खाली, खांदा आत. पक आणायची वेळ झालेली नाही. त्याआधी नुसती स्टिक बर्फावर, पकशिवाय.

३० नोव्हेंबर

बर्फ मऊ होतं, वर पाण्याचा पातळ थर. एज धरत नव्हती. हॉकीसाठी बर्फ नेहमी जास्त थंड आणि कडक ठेवतात, आज तसं नव्हतं. अर्ध्या वेळात बाहेर आले. अशा दिवशी मापं घेऊन निराश होण्यात अर्थ नाही. बाहेर भिंतीशी उभी राहून उजव्या बाजूचा सराव केला.

७ डिसेंबर

उजवा पाय अर्ध्या वर्तुळावर पोचला. एक बारीक हिसका मध्ये आहे, पण पाय टेकला नाही आणि बर्फावर रेघ एकच आहे. वाकून पाहिली, मग ताईला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "आता हेच स्टिकशिवाय, हात मोकळे सोडून कर. आडव्या स्टिकची सवय लागली तर खांदे तिच्यावर अवलंबून राहतील." करून पाहिलं. डावीकडे फरक पडला नाही, उजवीकडे हिसका वाढला. म्हणजे तिचं बरोबर आहे. पुढचे काही दिवस स्टिक बाकावर.

क्रॉसओव्हरचा व्हिडिओ ऑक्टोबरच्या व्हिडिओशेजारी लावला. तेव्हा आतला पाय ओलांडणाऱ्या पायाखालून लगेच उचलला जायचा. आता तो बाहेरच्या धारेवर मागे सरळ होईपर्यंत ढकलतो आणि मग उचलला जातो. डावीकडच्या वर्तुळात तेवढ्याच पावलांत वेग वाढतो आहे. उजवीकडे वाढत नाही, पण निदान मरत नाही. टाइट टर्नमध्ये आतला पाय अर्धं पाऊल पुढे ठेवून वजन त्याच्यावर टाकायला धीर होतो. वळणाच्या मध्ये बाहेरचा पाय किंचित उचलून पाहते. उचलता आला तर वजन खरंच आतल्या पायावर आहे.

११ डिसेंबर

धार संपत आली आहे, नखाचा कीस निघत नाही. उद्या स्केट द्यायचे, पुन्हा १/२ इंच, आणि घेताना नाणं सोबत. त्यानंतर मागे जाताना आउटसाइड एज. सर म्हणाले तीही स्कूटर ड्रिलनेच सुरू करू, उजव्या पायापासून.